काकांच्या आतली भावकी

आमच्या काकांसारखा दुसरा माणूस अख्ख्या तासगाव तालुक्यात सापडायचा नाही, असं मी पूर्वी बिनधास्त सांगत असे. आता तसं म्हणायची सोय उरली नाही, कारण खुद्द काकांच्याच सांगण्यानुसार ते एकटे नसून चार-पाचजण आहेत. हे काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सैन्यातून सुभेदार होऊन परत आले आणि द्राक्षबागेत शिरले, पण सैन्य काही त्यांच्यातून बाहेर पडलं नाही. अजून चहा इनॅमलच्या मगातूनच घेतात. पांघरुणाचे कोपरे जुळले नाहीत तर घडी मोडून पुन्हा घालतात, आणि पाहुणा झोपून उठला की त्याचीही घडी तपासतात. लग्नानंतरच्या पहिल्याच मुक्कामात माझ्या नवऱ्याची घडी नापास झाली. तेव्हापासून तो तिकडे गेला तरी दिवस मावळायच्या आत सांगलीला परत येतो.

काकांचा आवाज हा एक वेगळाच विषय आहे. ते ट्रॅक्टरवर ओरडतात, बागेतल्या पोपटांवर ओरडतात, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवर तर हमखास ओरडतात. आभाळ आलं की या आवाजाला ऊत येतो. बेदाण्याच्या दिवसांत द्राक्षं शेडमध्ये जाळीवर वाळत पडलेली असतात आणि वर ढग दिसला की साऱ्या गावाचाच जीव टांगणीला लागतो, हे खरं. पण बाकीचे लोक मुकाट्यानं शेडचे पडदे सोडतात. काका आधी ओरडतात, मग पडदे सोडतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आभाळ भरून आलं आणि पडदा सोडायला उशीर झाला म्हणून काका बेदाणा निवडणाऱ्या बायकांच्या देखत मावशीला टाकून बोलले. मावशीनं पडदे सोडले, हात धुतले, पिशवी भरली आणि एसटी धरून शिरवळला लेकीकडे गेली. पाऊस आलाच नाही. लेक तिथल्या एका कारखान्यात नोकरी करते. तिनं समजूत घालून पाहिली, तेव्हा मावशीनं एकच अट सांगितली. "त्यांच्यात कोन वरडतंय, ते त्यास्नी आदी हुडकू दे. मग मी येते."

लेकीनं सांगलीतल्या समुपदेशक मॅडमचा पत्ता काढला. काका जातील असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. पण भाकरी स्वतः थापायची वेळ आली होती आणि ती काही केल्या गोल होत नव्हती, त्यामुळे काका गेले. मॅडमनी त्यांना समजावलं, की माणसाच्या आत बरेचजण नांदत असतात, कोणी रागावणारा, कोणी घाबरणारा, कोणी कारभार करणारा. त्यातला कोणीच वैरी नसतो, फक्त प्रत्येकाचं ऐकून घ्यावं लागतं. हे ऐकून काकांना फार बरं वाटलं. तिथून ते थेट माझ्याकडे जेवायला आले आणि आमटी ओरपत म्हणाले, "म्हंजी भावकीच की गं पोरी. आमी तर जलमभर हेच करत आलोय."

इथेच घोटाळा झाला. बांधाच्या भांडणासाठी भावकीची बैठक बसवतात, तशी काकांनी रिकाम्या शेडमध्ये स्वतःची बैठक बसवली. जाजम अंथरलं. ओरडणारा तो हवालदार. सारखं मानपान बघणारा तो चेअरमन. येताजाता डब्यात हात घालणारा तो आचारी. काका आळीपाळीनं प्रत्येकाच्या जागेवर जाऊन बसायचे आणि त्याच्या तोंडून बोलायचे. शेजारचा बांधकरी आवाज ऐकून डोकावला, एवढ्या मोठ्या जाजमावर एकटे काकाच दिसल्यावर चक्रावला, पण चहा घेऊनच गेला. शेवटी मतदान झालं. मावशीला आपण होऊन फोन करायचा नाही, असं बहुमतानं ठरलं. आचारी तेवढा विरोधात होता.

हा निकाल काकांनी मॅडमना मोठ्या ऐटीत सांगितला. मॅडम हसल्या नाहीत. सगळे बोलले का, एवढंच त्यांनी विचारलं.

त्या दिवशी काका माझ्याकडे जेवायला आले. आमटीलाही नावं ठेवली नाहीत. मला काळजी वाटली, म्हणून बेदाणे आणायचं निमित्त काढून मी त्यांच्याबरोबर एसटीनं गावी गेले. वाटेत म्हणाले, "एकजन बोललाच न्हाई. दाराजवळ, चपलांपाशी बसलावता. कोन हाय, मी इचारलंबी न्हाई." मी म्हटलं, मग आता विचारा. तर माझ्याकडे बघत म्हणाले, "आसं कसं? पावन्याला आदी पानी देत्यात, मग कोन-कुटला इचारत्यात. मी पानीच दिलं न्हवतं."

घरी पोचल्यावर त्यांनी तांब्या घासला, पाणी भरलं, वाटीत गुळाचा खडा घेतला आणि शेडच्या दाराशी चपलांजवळ दोन्ही नेऊन ठेवलं. मग तिथेच मांडी घालून बसले. मला आधी हसू येत होतं, नंतर येईना. कितीतरी वेळानं ते अशा आवाजात बोलले, की तो मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. "आभाळ आलं की त्याला भ्या वाटतं. समदं जाईल म्हून. आन त्यो भ्यालेला कुनाला दिसू ने, म्हून हवालदार वरडतो."

मग त्यांनी मावशीला फोन लावला. हवालदाराला जरा बाहेर उभं केलंय, असं म्हणून दारातल्या पाहुण्याचं सगळं तिला सांगितलं. पलीकडून मावशीचा आवाज मलाही ऐकू आला. "पानी दिलंसा का त्यास्नी?"

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मावशी घरी आली.

आता आभाळ आलं की काका तिच्याजवळ जाऊन, जरा लाजतच, भ्या वाटतंय म्हणून सांगतात, आणि दोघं मिळून पडदे सोडतात. पांघरुणाच्या घड्या अजून तपासल्या जातात, तो सैन्य खात्याचाच नियम आहे म्हणे. पोपट मात्र निर्धास्त झालेत.

परवा मी गेले होते. दोघं शेडमध्ये जाजमावर बसून बेदाणा निवडत होती. काका थकलेत, आवाजही खाली आलाय. बोलता बोलता मावशी म्हणाली, "आवं, हवालदार लय दिस झालं आला न्हाई. बरा हाय न्हवं?"

काकांनी हातातल्या बेदाण्याची काडी मोडून बाजूला टाकली. मग म्हणाले, "हाय की. म्हातारा झालाय. बसून आसतो."

एवढी वर्षं उन्हातान्हात एकट्यानं पहारा करणाऱ्या त्या हवालदाराला कोणीच कधी काही विचारलं नव्हतं. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, तिनं तांब्या भरला आणि जाजमावरच्या हवालदाराच्या जागेशी नेऊन ठेवला.