चहाचा डाग समजून पुसलेली विहीर

ती विहीर मी पुसली. पाहणीत चूक झाली किंवा कागद जुना होता, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच, की माऊस माझ्या हातात होता.

जिल्ह्यातल्या जुन्या शाळांचे नकाशे स्कॅन करून संगणकावर पुन्हा काढायचं काम माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला कागद उलगडला तरी परत वळतो. म्हणून आधीच्या लोकांनी त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवले. जवळजवळ प्रत्येक नकाशावर तपकिरी गोल आहेत. ते पुसत पुसत माझे डोळे आणि मान दोन्ही गेले.

आंबागडकडच्या एका शाळेच्या नकाशात असाच एक गोल होता, पण कोपऱ्यात नाही, मागच्या आवाराच्या मधोमध. तिथे कोणी ग्लास ठेवत नाही. हे मला तेव्हाच जाणवलं होतं. क्षणभर थांबलो. पण संध्याकाळ झाली होती, कंटाळा आला होता, म्हणून पुसून टाकला.

पुढे त्याच आवारात नव्या खोलीचं काम निघालं. माझ्या नकाशावरून खड्डा खणताना बुजवलेल्या विहिरीची माती खचली आणि गावचा मिस्त्री आत गेला. जीव वाचला, पण पाय मोडला. जमीन न तपासता खणलं, असं गाव म्हणू लागलं. त्याला कामावर बोलावणं बंद झालं.

मी जुना कागद काढून पाहिला. गोल तुटक रेघेचा होता, सारख्या अंतरावर तुटलेला, बुजवलेली विहीर दाखवतात तसा. शाई विटून तपकिरी झाली होती. चहाचा डाग असा तुटत नाही.

तरी धान कापून, मळून घरात येईपर्यंत मी गप्प राहिलो. शेवटी दोन्ही नकाशे घेऊन त्याच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेवर पाय लांब करून बसला होता.

"या साहेब. आता कोनती खोली बांधाची हाय?" तो हसला. मग म्हणाला, "माहीच चूक होती. जमीन ठोकून पाहाले पाहिजे होती. आता रातीले झोप येत नाही."

माझ्या चुकीचं ओझं तो वाहत होता. मी कागद पसरले, गोल दाखवला, सगळं सांगितलं. तो त्या गोलावरून बोट फिरवत राहिला. बोलली त्याची बायको, सूप खाली ठेवून.

"आमच्या घरात कायले सांगून राहिले, साहेब? ज्यायनं नाव ठेवलं, त्यायले सांगा."

पानठेल्यासमोर नेहमीची माणसं बसली होती. मिस्त्री काठी टेकत मागून आला. मी बाकावर दोन्ही नकाशे उलगडले. कागद वळू लागला, तसा एकाने त्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला. मी तो उचलून बाजूला केला आणि वळत्या कडा हाताने दाबून धरल्या.

"इथे विहीर दाखवली होती," मी म्हणालो. "मी ती पुसली. शंका आली होती, तरी पुसली. मिस्त्रींनी माझ्या नकाशावर विश्वास ठेवला, त्यांची काही चूक नव्हती. आठ दिवसांत कार्यालयातही हेच लिहून देतो." मग त्याच्याकडे वळलो. "मिस्त्री, तुमचा पाय मोडला तो माझ्यामुळे, आणि तुमचं नाव गेलं ते मी गप्प बसलो म्हणून. मला माफ करा."