पाटीवरची कोरी जागा

दवाखान्याच्या उद्घाटनाला माझ्यावर जेसीबीच्या बकेटमधून झेंडूची फुलं ओतली, तेव्हाच कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढावा असं मला वाटलं होतं. आमच्याकडे माणूस मोठा झाला की त्याच्यावर जेसीबीतून फुलं टाकतात. मग तो निवडून आलेला असो, नाहीतर फौजेतून सुट्टीवर आलेला. जेसीबी पंचायत समितीच्या सभापतींचा होता, फुलं त्यांची, फीतही त्यांनीच कापली. मी केसांतल्या पाकळ्या झाडत उभी होते आणि माझं सगळं लक्ष दारावरच्या पाटीकडे होतं. माझं नाव, त्याखाली पदव्या, त्याखाली 'नोंदणी क्रमांक' आणि त्याच्यापुढे हातभर कोरी पांढरी जागा.

मी शिकले शेजारच्या राज्यात. एमबीबीएस तिथं, सर्जरीही तिथंच, आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणीही तिथलीच. लग्न होऊन तेलगावजवळच्या या गावात आले, तसा तो नंबर माझ्या कामाचा राहिला नाही. आधी तिकडून ना-हरकत घ्यायची. ती मिळाली की तिकडच्या यादीतून नाव कमी होतं. मग इकडच्या परिषदेकडे अर्ज, पदव्यांची पडताळणी, आणि ती झाली की इकडचा नंबर. मधल्या काळात डॉक्टर ना तिथला ना इथला. हात तेच, विद्या तीच, पण पेशंट तपासायला बसलात की कायद्याने बोगस. हा नियम मला तेव्हाही चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. आमच्या चौकात एक जण दहावी नापास असून वर्षानुवर्षं सलाईन लावतोय, त्याच्यासारख्यांसाठीच हा नियम आहे. पण तो सभापतींच्या मतदारांतला, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

"मामा, नंबर आल्याशिवाय दवाखाना उघडता येत नाही," हे मी सासऱ्यांना कितीदा सांगितलं.

"उघडतंय कोण? मुहूर्त करायचा हाय निस्ता. दसऱ्यासारखा दिवस सोडून कवा करायचा?"

मामांनी जन्मभर मेंढ्या वळल्या. मुलगा वडवणीच्या कॉलेजात शिकवायला लागला, सून सर्जन आली, आणि त्यांचं मन आभाळाला टेकलं. त्यांच्या हिशेबात मुहूर्त आधी आणि बाकी सगळं मागून. पेंटरनं नंबर विचारला तेव्हा त्याला म्हणाले, "जागा सोड. आला की भरू." मी चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. उद्घाटन उरकताच दवाखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. पेशंट यायचे, ओट्यावर बसायचे, मी त्यांना तेलगावच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची. बायका मला पाटीवरची डॉक्टरीण म्हणायला लागल्या. म्हणोत, म्हटलं. नंबर हातात येऊ दे, मग एकेकीला बघते.

दिवाळी झाली, कापसाची वेचणी चालू होती. भर दुपारी मी ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. रस्त्याकडून ओरडा आला आणि दोन माणसं एकाला घोंगडीत घालून पळत आली. घोंगडीत मामांचा भाचा होता. चुलत बहिणीचा मुलगा, मेंढ्या वळणारा, मला वहिनी म्हणणारा. त्याच्या मेंढ्या सभापतींच्या पुतण्याच्या कापसात शिरल्या होत्या. पुतण्या आणि त्याच्याबरोबरची पोरं आधी पाइपांनी मेंढ्यांवर तुटून पडली, चार-पाच जागच्या जागी मेल्या. हा आडवा गेला, तर याला पाडलं आणि पुतण्यानं ऊसतोडीचा कोयता मांडीवर हाणला. एकदा नाही. आणणारे सांगत होते की पडलेल्या माणसावर लाकूड तोडावं तसा हाणत होता.

गुडघ्याच्या वर मांडी उघडी पडली होती आणि आतून लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं उडत होतं. असं रक्त उडालं की माणसाकडे फार वेळ नसतो. मी शेंगांचं सूप फेकलं आणि जखमेत मूठ घातली. मूठ, बोटं नाही. सगळा भार देऊन त्याच्या मांडीवर बसले. उडायचं थांबलं, पण मूठ सैल केली की पुन्हा माझ्या तोंडावर. अँब्युलन्सला फोन झाला, ती वडवणीहून निघणार होती. तोवर मुठीवर तो तगणार नव्हता.

"मामा, माझ्या कमरेची किल्ली घ्या. दार उघडा."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "लंबर न्हाई ना गं अजून?"

"दार उघडा!" मी ओरडले.

उद्घाटनाची फुलं खिडकीत तशीच वाळलेली होती. नवं टेबल, त्याचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, त्याच्यावर त्याला टाकलं. मांडीला वरून पट्टा आवळला, चिमटे काढले, तुटलेल्या धमनीचं तोंड शोधलं आणि धरलं. मग बांधलं. भूल नव्हती. तो माझ्या खांद्याला चावला, त्याची खूण अजून आहे. मला त्या वेळी परिषद आठवली नाही, कायदा आठवला नाही. आठवला असता तरी मी हात काढला नसता.

अँब्युलन्स आली ती फाट्यावरच अडली. पुतण्यानं जीप आडवी लावली होती. त्याला भाच्याला मोठ्या दवाखान्यात जाऊ द्यायचं नव्हतं, कारण तो बोलला असता. त्याची पोरं आमच्या ओट्यावर चढली. पुतण्या आत आला, हातात कोयता तोच, पुसलेलासुद्धा नाही.

"ए बाई, बाजूला हो. कावून मधी पडती? तू कुठली डाक्तर? पाटी कोरी हाय तुझी."

मामांनी त्याचा हात धरला, तर त्यांना भिंतीवर आपटलं. त्यांच्या कपाळातून रक्त आलं. माझ्या तोंडावर बसलेल्या थपडेनं कान सुन्न झाला. मी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी सर्जन म्हणून ओळखते. कोयता खाली पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मी दुसरा घाव डोक्यावर घालणार होते, पण तेवढ्यात बाहेर गावातल्या बाया दगड घेऊन जमल्या होत्या आणि पोरांनी पळ काढला. जीप हटली. पण हटायला फार वेळ लागला होता. बीडला पोचेपर्यंत पाय थंड पडला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी जीव ठेवला, पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर भाच्यानं पोलिसांना पुतण्याचं नाव सांगितलं. त्यावर सभापतींचं उत्तर तयारच होतं: पाय कोयत्यानं गेलाच नाही, थोडंसं लागलं होतं, बिगरनंबरी बाईनं दवाखाना थाटून त्याला कापला म्हणून गेला. त्यांनीच उद्घाटन केलेला दवाखाना त्यांनीच बोगस ठरवला. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार गेली. बोगस डॉक्टर म्हणून एकदा गुन्हा नोंदला की माझा पडताळणीत असलेला अर्ज तिथंच संपणार होता. तिकडचं नाव गेलेलं, इकडचं येणार नाही. मी आयुष्यभर हातात विद्या घेऊन शेंगा निवडत बसणार.

तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. तोच. गावाचा राग अनावर झाला, असं नंतर सांगण्यात आलं, पण बरोबर सगळी पुतण्याचीच माणसं होती. बकेटनं आधी ओटा उचकटला, मग समोरची भिंत पाडली. टेबल बाहेर ओढून चेपलं. ज्यानं माझ्यावर फुलं ओतली तोच ड्रायव्हर होता, खाली मान घालून दांडे ओढत होता. मी पुढं गेले तर नवऱ्यानं मला मागून कव घातली. मी त्याच्या हाताला नखं मारली. शेवटी पाटी खाली आली आणि चाकं तिच्यावरून गेली. मामा कपाळाला फडकं बांधून उभे होते. "माझा मुहूर्त चुकला," एवढंच ते म्हणत होते. त्यांच्यावर ओरडायचं मी मनात ठरवलं होतं, पण त्यांच्याकडे बघून जमलं नाही.

चौकशी तहसीलच्या आवारातल्या एका खोलीत झाली. आरोग्य अधिकारी, एक फौजदार, एका बाजूला सभापती, दुसऱ्या बाजूला आम्ही. भाचा कुबड्यांवर आला. लेंग्याची रिकामी नळी त्यानं वर खोचली होती. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "या बाईंनी डॉक्टर म्हणून तुमच्यावर उपचार केले का?"

"न्हाई जी. मी दवाखान्यात गेलतोच न्हाई. मामाच्या घरी गेलतो. ती वहिनी हाय माझी. रगत व्हाताना बघितलं आन् फडकं बांधलं तिनं. घरची बाई एवढं करतीच की."

"चिमटे लावले, धमनी बांधली, असं तक्रारीत आहे."

"मला काय म्हाईत न्हाई. फडकं व्हतं."

"आणि लागलं कसं?"

त्यानं काखेतली कुबडी सावरली. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "पाला तोडताना पडलो. माझ्याच कोयत्यावर."

सभापतींनी डोळे मिटून मान हलवली, जणू गाणं ऐकतायत. माझ्या अंगाची आग झाली. मी उठले. "हे खोटं आहे. मी धमनी बांधली आणि याला तोडलाय यांच्या पुतण्यानं, त्याच्या हातातला कोयता मी डोळ्यांनी—" 

"बाई, खाली बसा," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "जखमीच तक्रार नाही म्हणतोय. प्रथमोपचार कुणीही करू शकतो, त्याला नोंदणी लागत नाही. विषय संपला." नवऱ्यानं माझा दंड घट्ट धरला होता. सभापतींनी आपली तक्रार मागं घेतल्याचं तिथंच सांगितलं. फौजदारांनी बदललेला जबाब घेतला आणि चहा मागवला.

बाहेर लिंबाखाली मी भाच्याला गाठलं. त्याची कुबडी धरून हलवली. इतका राग मला पुतण्याचाही आला नव्हता.

"कुणी सांगितलं होतं तुला? माझं मी बघितलं असतं. त्याला सोडून दिलास तू! पाय तोडला त्यानं तुझा!"

"ते म्हणले, तू जबाब फिरव, आमी बाईची तक्रार फिरवतो. न्हाईतर तिचा लंबर ह्या जन्मात येत न्हाई."

"म्हणून फिरवलास?"

"वहिनी," तो म्हणाला. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. "पाय तर गेलाच. आता डाक्तर बी घालवू का?"

मला रडू आलं नाही. मी मागं फिरले आणि सभापतींच्या गाडीच्या काचेवर दगड घातला. काच फुटली. सभापती आतून हसले, ड्रायव्हरला म्हणाले, "चल, जाऊ दे, डाक्तर हाय ती." त्या हसण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नंबर उन्हाळ्यात आला. भिंत पुन्हा बांधली, टेबल नवं घेतलं, मुहूर्त यावेळी कुणी काढला नाही. मामांनी चेपलेली पाटी ठोकून सरळ केली होती. तिचा एक कोपरा अजून वाकडा आहे. पेंटर आला, कोरी जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "सांगा मॅडम, लंबर."

भाचा ओट्यावर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून. तो आता मेंढ्या वळू शकत नाही, दवाखान्यात केसपेपर देतो. मी पेंटरला एकेक आकडा सांगत होते आणि भाचा खालून वर बघत होता. शेवटचा आकडा भरून झाला तेव्हा त्यानं मांडीच्या बुंध्यावर हात फिरवला, त्याची सवयच आहे ती, आणि म्हणाला, "बसला की बरोबर."