दार उघडलं, रद्द

कोकिळा भिरूडला उघड्या दाराचा भयंकर राग. घराचं दार नव्हे हो! ज्याच्या आत तापमान सांभाळायचं असतं असं कुठलंही दार. कुणी उगाच उघडून डोकावलं की संपलंच, बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू. हा राग तिला माहेरातूनच मिळालेला. वडील चिंधाआबा फैजपूरला केळी पिकवायच्या थंड खोल्यांवर देखरेखीला होते. शाळा सुटली की ही पोरगी तिथे जाऊन बसायची आणि तासातासाला काट्याकडे बघून वहीत आकडा लिहायची. एखादा हमाल दार सताड टाकून गेला की आबा अख्ख्या फैजपूरला ऐकू जाईल असं ओरडायचे, "अरे दार लाव ना भो, आतली सारी थंडी चालली!" मग चिडून ते वहीतला तो आकडा खोडायचे.

जळगावला आयटीआय करून कोकिळा लग्नानंतर धुळ्याला आली आणि प्रेमराजभाऊंच्या ओव्हनच्या कारखान्यात तपासणीला लागली. आज ती अठ्ठेचाळीसची आहे. तपासणी तीच बघते आणि बाहेरून माल मागवायचे कागदही तीच. कारखाना म्हणजे एमआयडीसीतल्या दोन पत्र्याच्या शेड. एकीत पुरुष मंडळी हॉटेलच्या मोठ्या भट्ट्या वेल्डिंग करतात, दुसरीत चौदा बायका घरगुती ओव्हन जोडतात. या चौदाजणी कोकिळाने एकेकीच्या घरी जाऊन, सासऱ्यांसमोर बसून, नको तितका चहा पिऊन आणलेल्या. "काम टिकाऊ आहे, जबाबदारी माझी," असं ती चौदा उंबऱ्यांवर बोलून आली होती.

आता प्रेमराजभाऊंचा एक हट्ट होता. आपल्या मुलखात ओव्हन विकायचा तर त्यात बट्टी, म्हणजे वरणात कुस्करून खायचा भाजलेला कणकेचा गोळा, झालीच पाहिजे. म्हणून दर विसाव्या ओव्हनमध्ये बट्ट्या भाजायच्या आणि शेजारी लावलेल्या यंत्रावर आतल्या तापमानाचा आलेख काढायचा. बट्ट्यांचं काम झुंबरबाईकडे. साठीला टेकलेली ही बाई जन्मभर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बट्ट्या भाजत आलेली. ती बट्टी आत घालून नुसती बघत बसेल होय? दर पाच मिनिटांनी दार उघडून फिरवणारच. दार उघडलं की गरम हवा बाहेर, आणि आलेखाची सरळ रेघ धप्पकन खाली.

"अक्का, दार कायले उघाडतं तू?" कोकिळाच्या तोंडी फैजपूर यायचं.

"बट्टी फिरावनी नही का? एक बाजू करपी जाई, दुसरी कच्ची ऱ्हाई!" झुंबरबाईचंही धुळं काही कमी नव्हतं.

मग कोकिळा लाल पेन काढायची, त्या आलेखावर कागद फाटेल इतकं दाबून 'दार उघडलं, रद्द' लिहायची, तारीख आणि सही ठोकायची आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. हे भांडण दोन वर्षं चाललं. रद्द कागद कोठीत पडायचे आणि बायका ते फळीवर अंथरायला नाहीतर बट्टीखाली घ्यायला वापरायच्या.

आणि अशात शेडच बंद व्हायची वेळ आली. घरगुती ओव्हनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल परदेशातून यायचा: एका डबीत सर्किट, त्याला वायरीने जोडलेला तापमान मोजणारा सेन्सर, आणि हीटर चालू-बंद करणारा रिले. असा माल कस्टम्समध्ये कुठल्या कलमाखाली मोजला जातो, त्यावर त्याचा कर ठरतो. कोकिळाच्या कागदांवरून कस्टम्सचा अर्ज भरायचा तो जळगावचा एजंट भूपेंद्र. त्याने पहिल्या खेपेपासून डोळे झाकून 'ओव्हनचे सुटे भाग' लिहिलेलं. त्या कलमाला कर जास्त, आणि तो भरून घरगुती ओव्हन परवडेना. दिवाळीनंतर प्रेमराजभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोकिळाताई, भट्ट्यांचं काम चालेल. बायकांची शेड मात्र मार्चनंतर बंद करावी लागेल."

चौदा उंबरे कोकिळाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. कुठल्या तोंडाने जायचं तिथे?

तिने टॅरिफचं, म्हणजे कस्टम्सच्या कलमांचं आणि करांचं, जाडजूड पुस्तक घरी आणलं आणि रविवारी स्वयंपाकाला सुट्टी देऊन वाचायला बसली. वाचता वाचता नव्वदाव्या प्रकरणात तिचं बोट थांबलं. तापमान आपोआप सांभाळणाऱ्या उपकरणाला तिथे स्वतःचं वेगळं कलम होतं, करही कमी. आणि ओव्हन ज्यात येतो त्या यंत्रांच्या विभागाची टीप साफ सांगत होती की नव्वदाव्या प्रकरणातली वस्तू आमच्यात धरू नका. अट एकच. त्या उपकरणाने आतलं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं पाहिजे, ठरवलेल्या आकड्यावर आणलं पाहिजे आणि मधे व्यत्यय आला तरी तिथेच टिकवलं पाहिजे.

"अगं बाई, हे तर आपलंच!" ती एकटीच मोठ्याने बोलली.

भूपेंद्रने फोनवर कपाळाला हात लावला असणार. "ताई, कशाला नसती कटकट? इतकी वर्षं सुटे भाग लिहितोय, कुणी काही बोललं का?"

"चुकीचं लिहिलं म्हणून कुणी बोललं नाही, भाऊ. आता बरोबर लिहा."

नवी खेप नव्या कलमाखाली दाखवली. व्हायचं तेच झालं, कस्टम्सने खुलासा मागितला आणि सुनावणीला बोलावलं. समोर हेमांगी मॅडम. शांत, हुशार, आणि कागद वाचल्याशिवाय मान न हलवणाऱ्या अधिकारी. कोकिळाने आपले सगळ्यात देखणे, काठीसारख्या सरळ रेघांचे आलेख पुढे मांडले. मॅडमनी ते नीट बघितले.

"रेघ सरळ आहे. पण बंद ओव्हनमध्ये ठरल्या वेळी हीटर चालू-बंद करणारा साधा टायमरही जवळपास अशीच रेघ काढेल. तो तर घड्याळांच्या प्रकरणात जातो. तुमचं यंत्र मोजून सांभाळतं, व्यत्यय आला तरी सांभाळतं, हे यात कुठे आहे? माहितीपत्रकातली वाक्यं मला नकोत. आठ दिवस देते."

कोकिळा परत आली ती तोंड पाडूनच. खरं सांगायचं तर बाई बसस्टँडवर थोडी रडलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत झुंबरबाईने तिच्यापुढे वरण ठेवलं आणि एका कागदावर दोन बट्ट्या. "खाय माय. उपाशी ऱ्हाईसन काय व्हनार शे?"

कोकिळाने बट्टी उचलली आणि खालच्या कागदाकडे बघतच राहिली. तुपाचा डाग, लाल अक्षरात 'दार उघडलं, रद्द', आणि खाली आलेख. रेघ सरळ चाललेली, मग धप्पकन खाली. आणि मग? मग आपोआप वर! बरोबर दोनशे अंशांवर येऊन पुन्हा सरळ. पुढे परत खाली, परत वर. साध्या टायमरला दार उघडलेलं कळतच नाही, तो आपल्या वेळेने चालतो. आत काय झालं ते मोजून ज्याने हीटर जास्त वेळ चालू ठेवला, तोच हा आपला कंट्रोल. दोन वर्षं झुंबरबाई रोज व्यत्यय आणत होती, आणि दोन वर्षं आपण पुरावा रद्दीत टाकत होतो!

"अक्का!" ती किंचाळली. "रद्दी कुठंय?"

बट्टी तशीच टाकून बाई कोठीकडे धावली. फळ्यांवरून, खोक्यांतून, डब्यांच्या तळातून चौदाजणींनी मिळून कागद गोळा केले. दोनशे अकरा निघाले.

दुसऱ्या सुनावणीला कारखान्याच्या टेम्पोतून एक ओव्हन, आलेख काढायचं यंत्र, कालवलेलं बट्टीचं पीठ आणि नवं लुगडं नेसलेली झुंबरबाई अशी वरात निघाली. मॅडमनी तुपकट गठ्ठा चाळला.

"हे या आठवड्यात मुद्दाम तयार केले नाहीत कशावरून?"

"तारखा बघा मॅडम. आणि माझं अक्षर बघा. इतका राग मुद्दाम काढता येतो का?"

मॅडमनी फाटलेल्या कागदांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "करून दाखवा."

ओव्हन लागला, काटा दोनशेवर स्थिरावला, बट्ट्या आत गेल्या. आणि बघा गंमत, झुंबरबाई हात पदराखाली घेऊन गप्प! दोन वर्षांची बोलणी खाल्लेली बाई, साहेब लोकांपुढे दाराला हात लावेल तर शपथ.

"उघाड अक्का," कोकिळा म्हणाली. "आज मनसोक्त उघाड."

"मंग तू लाल पेनघाई लिखशी!"

"नाही लिहीत गं माय. उघाड!"

झुंबरबाईने दार उघडलं. आकडा एकशे सत्तरवर कोसळला. दार लागलं, रिले टकटकला, आणि आकडा चढत चढत दोनशेवर येऊन थांबला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मॅडम स्वतः खुर्चीतून उठल्या, त्यांनी दार सताड उघडून मनात मिनिट मोजलं आणि मग लावलं. आकडा परत जागेवर. तोवर अख्ख्या ऑफिसात बट्टीचा वास सुटला होता आणि कारकून मंडळी उगाच फायली घेऊन आत डोकावत होती. झुंबरबाईने एक बट्टी पुढे केली.

"मावशी, ते नियमात बसत नाही," मॅडम म्हणाल्या, पण मोठ्या कष्टाने म्हणाल्या.

अकराव्या दिवशी आदेश आला. वस्तू आतलं तापमान मोजून, व्यत्यय आला तरी टिकवते, म्हणून तिचं कलम नव्वदाव्या प्रकरणातलंच, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. प्रेमराजभाऊंनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि थेट बायकांच्या शेडमध्ये जाऊन ओरडले, "शेड चालू राहणार!" काय गलका झाला म्हणून सांगू! वेल्डिंगवाले काम टाकून बघायला आले. भूपेंद्रचा फोन आला, "ताई, मानलं तुम्हाला. दुसऱ्या एका पार्टीचा कागद जरा बघून देता का?" कोकिळा हसली, रडली आणि चौदाजणींच्या गळ्यात पडली. आबांना फोन लावला तर ते म्हणाले, "दार उघडून जिंकली? माही पोरगी?"

त्या दिवसापासून तपासणीचा नियम बदलला. प्रत्येक आलेखात दार तीनदा उघडायचं, आणि ते काम झुंबरबाईचं, लेखी. संध्याकाळी पहिला आलेख कोकिळाच्या टेबलावर आला, तीन ठिकाणी खाली जाऊन वर आलेला. सवयीने तिचा हात लाल पेनाकडे गेला. ते तिने खणात टाकलं, निळं पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, 'दार उघडलं, पास.'