विहिरीवरच्या मोटरीचं गणित

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी आमच्या घरच्याच मोटरीचं सर्किट घेतलं. वालावलला आमची पोफळीची बाग होती आणि विहिरीवर विजेचा पंप. सुट्टीत मी तारांची लांबी मोजली, कॉलेजचं मीटर नेऊन अर्थिंगचा रोध मोजला. अर्थिंगची पट्टी कोरड्या जांभ्यात पुरलेली, त्यामुळे रोध फारच जास्त निघाला. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. जमीन सुकलीय, पावसात होईल कमी, एवढंच ते म्हणाले.

गोव्यातल्या कॉलेजात परतल्यावर मी समीकरणं मांडून संगणकाला दिली. काळाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला सर्किटमध्ये कुठे किती व्होल्ट ते काढायचं. प्रकल्प जरा भरीव दिसावा म्हणून त्यात मी एक काल्पनिक बिघाड घातला. मोटरीच्या आतल्या तारेचं आवरण गेलंय आणि तार बाहेरच्या लोखंडाला टेकलीय, असा. फ्यूज उडेल आणि विषय संपेल, अशी माझी अपेक्षा होती.

फ्यूज उडाला नाही. अर्थिंगचा रोध इतका, की फ्यूज वितळण्याइतकी वीज जमिनीत उतरेचना. मोटरीच्या अंगावर दोनशेच्या आसपास व्होल्ट तसेच राहिले.

तुकडा मोठा घेतला की असलं गणित भरकटतं, म्हणून मी तो निम्मा केला. मग त्याच्याही निम्मा. आकडा हलला नाही. आई रोज ओल्या मातीत अनवाणी उभी राहून मोटर लावायची, आणि ती नीट चाललीय ना हे बघायला तिच्यावर हात ठेवायची. आदल्या पावसाळ्यात मोटर दोन दिवस पाण्याखाली होती.

गावात फोन एकच, पोस्टातला. तो लागेना. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली. बांद्याला पुढची गाडी तासभर उशिरा आली. आई साडेदहाला मोटर लावते, हे डोक्यातून जाईना. कुडाळला गाडीतून उतरले तेव्हा सव्वादहा झाले होते आणि वालावल अजून लांब होतं. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने गावातल्या तळ्यापर्यंत सोडलं. तळ्याच्या कडेने मी धावत सुटले. बागेत शिरतानाच मोटरीचा आवाज ऐकू आला.

आई विहिरीपाशी उभी होती. उजवा हात मोटरीकडे निघालेला.

"आये, हात लावू नको," मी म्हटलं.

ती वळली. शांतपणे म्हणाली, "मगाशी लावलंय एकदा. चार दीस हातात झिणझिण्यो येतत. माका वाटला, वयाचा काय तरी आसात."

मी शेडच्या खांबावरचा मेन स्विच पाडला आणि तिथेच खाली बसले. बाबा शाळेतून आल्यावर गावच्या वायरमनना घेऊन आले. त्यांनी पुन्हा वीज लावून दिव्याची एक तार मोटरीला, दुसरी ओल्या जमिनीला लावली. दिवा मंद पेटला. म्हणजे मोटरीच्या अंगावर वीज उतरत होती, पण गळती नुकती सुरू झाली होती. मोटर आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला गेली, अर्थिंगसाठी विहिरीच्या ओलाव्यात खोल खड्डा खणला.

जेवताना बाबांनी विचारलं, मोटर बिघडलीय हे तुला तिकडे बसून कसं कळलं. मला कळलं नव्हतं. तो बिघाड मी प्रकल्पाची पानं वाढवायला घातला होता. हे सांगायला तोंड उघडलं, पण आई त्याच उजव्या हाताने भात वाढत होती. मी ताट पुढे केलं.