हमीदचाचांनी पाहिलेली पोकळी

हमीदचाचांच्या अस्लमचा फोन आला तेव्हा मी ताथवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकासमोर पत्रकं वाटत होते. "अब्बा गेले," तो म्हणाला. घरून त्याला नुकतंच कळलं होतं. तो चाकण चौकातल्या आपल्या टायरच्या दुकानातूनच बोलत होता, मागे हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता... तो बंद करायचं कुणाला सुचलं नसावं. एका पोराने हात पुढे केला, मी त्याला पत्रक दिलं. पुढच्यालाही दिलं. गठ्ठा संपेपर्यंत मी देत राहिले आणि मगच रस्त्याच्या कडेला बसले. हमीदचाचांनी पाहिलं असतं तर त्यांना ते पटलं असतं. हातातलं काम अर्धवट टाकणारा माणूस त्यांना आवडायचा नाही.

चाचा आणि माझे वडील भोसरीतल्या एकाच फाउंड्रीत होते. वडील यंत्रांच्या दुरुस्तीला, चाचा मोल्डर. युनियनची पत्रकं वडील लिहायचे, आणि मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी वाचता येत होता. पत्रक छापायला जाण्याआधी चाचांना ऐकवायचा रिवाज होता. महाळुंग्याच्या जुन्या घरातला माणूस, शाळा थोडी झालेली, पण कान तिखट. "लई लांब झालं भाऊ," ते वडिलांना म्हणायचे. "लोक गेटातनं चालत असत्यात, बसून न्हाई वाचत." आणि माझ्याकडे वळून, "काय लीडर, बरोबर का न्हाई?" मी तेव्हा पाटीएवढी होते. लीडर हे नाव मला तेव्हापासून चिकटलं ते त्यांच्या शेवटापर्यंत.

मोल्डरचं काम काय असतं ते मला त्यांनीच समजावलं होतं. वाळूत लाकडी नमुना दाबून बसवायचा, तो अलगद उचलायचा, मागे त्याच्या आकाराची पोकळी राहते, आणि तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. "लोकांना वाटतं आमी लोखंडाचं काम करायचो. लोखंड काय, ते आपलं आपण यिऊन बसतं. आमी रिकामी जागा करायचो." हे सांगताना त्यांचा तळहात हवेतच कशावरून तरी फिरायचा. पोकळी तयार झाली की तिच्या कडेवरून हात फिरवायचा. डोळ्याला चुकलेलं हाताला कळतं. उभं आयुष्य त्यांनी रिकामी जागा केली आणि त्या जागेच्या कडांवर हात फिरवला.

त्याच वाळूची धूळ त्यांच्या छातीत बसली. फाउंड्री कधीच बंद पडली, तिथे आता एक गोदाम आहे, पण धूळ बाहेर पडली नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून सांगितलं, फुप्फुसं दगडासारखी होत चालली आहेत. सिलिकोसिस. हा आजार बरा होत नाही, वाढतो एवढंच. चाकणच्या नव्या फाउंड्र्यांमध्ये हीच वाळू आहे, हीच धूळ आहे, आणि कंत्राटावरची विशीतली पोरं तोंडाला रुमाल बांधून तिच्यात उभी राहतात. रुमाल! मी एका फाटकावर सभा ठरवली. भाषणं करणारे आमच्याकडे ढिगाने आहेत. मला असा एक माणूस हवा होता, ज्याच्या छातीतच पुरावा आहे. चाचांच्या बरोबरीचे बाकीचे मोल्डर एकतर गेले होते, नाहीतर गावाकडे परतले होते. चाचा हो म्हणाले.

आणि मग त्याच आठवड्यात अस्लमला टायर कंपनीच्या स्कीममध्ये अंदमानची सहल लागली. जोडप्याची. त्याने ती आईवडिलांना देऊ केली. सोबत गुळगुळीत कागदाचं रंगीत माहितीपत्रक होतं आणि त्यावर एका गुहेचा फोटो. चाचा तो फोटो हातात धरून बसले होते.

"ही कुनी केली?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी नाही, चाचा. पाण्याने झाली."

"नमुना न्हाई? मानूस न्हाई?"

"नाही."

"मंग मला बगायची हाय."

मी भडकले. लग्नघरात भांडावं तशी मी त्या ओसरीत भांडले. म्हटलं, ही कंपन्यांची लालूच आहे, माल खपवणाऱ्याला समुद्र दाखवायचा आणि माल बनवणाऱ्याला धूळ. म्हटलं, तिकडे पोरं मरायला लागलीत आणि तुम्ही फिरायला निघालात. चाची भाजी निवडत होत्या. "वरडू द्या तिला," त्या शांतपणे म्हणाल्या, "तिचा दम चांगला हाय." चाचा हसले, आणि हसताना खोकला आला. मग ते म्हणाले, "लीडर, माझ्याकडं दम लई थोडा उरलाय. कुटं वापरायचा ते मला ठरवू दे."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्या दमट हवेत गुहेपर्यंत चालण्यात जी ताकद जाईल, ती परत येईलच असं नाही. म्हणजे गुहा पाहिली तर सभा बहुधा नाही. चाचांना ते माहीत होतं. मलाही. सभा मी पुढे ढकलली. अस्लमने माझं तिकीट काढलं. "भांडायचंच असेल तर सोबत जाऊन भांड," तो म्हणाला, "आणि अब्बांचा श्वासाचा पंप तुझ्या पिशवीत ठेव."

गुहेच्या बेटावर पोचायला पोर्ट ब्लेअरहून पहाटे गाड्यांच्या रांगेतून जारवा आदिवासींच्या जंगलातून जावं लागतं. मला त्या रस्त्याची चीड होती, अजून आहे. कुणाच्या तरी घरातून आपण रांगेने जातो आणि खिडकीतून डोकावतो, ही कसली सहल? गाडीतले लोक माना लांब करून बाहेर बघत होते. चाचांनी आपल्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. "काय दिसलं का?" पुढच्या सीटवरच्या माणसाने विचारलं. "आमी दुसऱ्याच्या दारातनं चाललोय," चाचा म्हणाले, "मान खाली घालून जायची असती." तो माणूस पुढे वळून बसला. मी पुढे कितीही लिहिलं असतं तरी एवढं थोडक्यात जमलं नसतं.

मग खाडी, मग छोटी होडी. दोन्ही बाजूंनी खारफुटी इतकी जवळ आली की फांद्या डोक्यावर मिळाल्या आणि आम्ही हिरव्या बोगद्यातून जाऊ लागलो. चाची पदर घट्ट धरून बसल्या होत्या. होडीतून उतरल्यावर भाताची खाचरं, झाडी आणि चढउतार. चाचा थोडं चालायचे, थांबायचे, पंप ओढायचे. बाकीची मंडळी पुढे निघून गेली. आमचा वाटाड्या बिजॉय, त्याच बेटावर जन्मलेला तरुण, आमच्यासाठी मागे राहिला. एका ठिकाणी चाचा झाडाला टेकले आणि बराच वेळ हलेनात. मी म्हटलं, परत जाऊ. चाची म्हणाल्या, "तुमी हितंच बसा. मी जाते, बगते, आन् यिऊन सांगते."

"तू काय सांगनार? तुला टाकीचं झाकन बसवता येत न्हाई नीट," चाचा म्हणाले आणि उठले.

गुहेचं तोंड फार मोठं नव्हतं. आत शिरलो आणि हवा बदलली. बिजॉयने बॅटरी वर फिरवली... आणि आम्ही तिघांनीही माना वर केल्या. छतापासून दगड लोंबत होता, पण दगडासारखा नाही. वाळत घातलेल्या धोतराच्या चुण्यांसारखा, मेण ओघळावं तसा, काही ठिकाणी इतका पातळ की उजेड त्याच्या आतून पिवळा होऊन येत होता. खालून दुसरा दगड त्याला भेटायला वर निघाला होता. दोघांमध्ये बोटभर अंतर. आणि त्या अंतरात पाण्याचा एक थेंब, न पडता, चमकत थांबलेला. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी घोषणा तयार असते. तिथे नव्हती. मला आठवतं, मी श्वास धरला होता, आणि त्या शांततेत चाचांच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. ती भिंतींवर जाऊन परत येत होती, जणू गुहाच कष्टाने श्वास घेते आहे.

मग चाचांनी जे केलं ते फक्त मोल्डरच करेल. त्यांनी पुढे होऊन त्या ओल्या, चकाकत्या कडेवर तळहात ठेवला आणि अलगद फिरवला.

"अरे चाचा, हाथ मत लगाओ!" बिजॉय ओरडला. "हाथ का तेल लगता है तो पत्थर वहाँ बढ़ना बंद कर देता है. काला पड़ जाता है. मर जाता है."

चाचांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "जिता हाय ह्यो?" त्यांनी मला विचारलं. मी बिजॉयचं म्हणणं मराठीत सांगितलं: पाण्यातला चुना थेंबाथेंबाने साचतो, आपण जाऊ, आपली नातवंडं जातील, तेव्हा कुठे नखाएवढा दगड वाढलेला असेल. चाचा स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. मग खाली एका सपाट दगडावर बसले, हात मांडीखाली दाबून. लहान मूल बसतं तसे.

"आमी एका शिफ्टमदी किती साचे काढायचो," ते म्हणाले. "हितं एक बी पुरा न्हाई झाला अजून. घाई न्हाई, ओव्हरटाइम न्हाई. डोक्यावर सुपरवायजर न्हाई."

"आन् माल बी खराब म्हनून परत येत न्हाई," चाची म्हणाल्या.

चाचा मनापासून हसले. आश्चर्य असं की या वेळी खोकला आला नाही. होडीची वेळ झाली तरी ते उठेनात. बिजॉयने दोनदा हाक मारली. "बगून झालं का?" चाचींनी विचारलं. "न्हाई झालं," ते म्हणाले, आणि मान वर करून बघत राहिले. मीही त्यांच्या शेजारी बसले.

परतल्यावर डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. गेलेली ताकद आली नाही. सभेचा विषय मी काढला नाही. एक दिवस त्यांनीच विचारलं, "लीडर, तुझी सभा कवा हाय?"

अस्लमने त्यांना गाडीतून फाटकापर्यंत आणलं. शिफ्ट सुटत होती. पोरं डबे खांद्याला लावून बाहेर येत होती, बसची वाट बघत होती. चाचा खुर्चीत बसूनच बोलले, आणि माझी सगळी तयारी, सगळे मुद्दे त्यांनी बाजूला ठेवले. ते गुहेबद्दल बोलले. उरलेला दम हे सहलीवर घालवतायत असं मला वाटलं. पण पोरं थांबली होती. वाक्यावाक्याला थांबत चाचा म्हणाले, "तिथं मी दगडाला हात लावला... तर एक पोरगं माझ्यावर वरडलं. म्हनलं, दगड मरंल. मला बरं वाटलं. दगडाची एवढी काळजी करनारं कुनीतरी हाय." मग त्यांनी आपल्या छातीवर तळहात ठेवला. "हिच्यात तीस वर्षं वाळू गेली. त्या वक्ताला कुनी वरडलं न्हाई. तुमच्यावर बी कुनी वरडनार न्हाई. तुमालाच वरडायला लागंल."

एवढंच. बस आली तरी कुणी पटकन चढलं नाही. दुसऱ्या दिवशी वाळू झाडण्याच्या खात्यातली पोरं नीट मास्क मिळेपर्यंत आत जायला तयार झाली नाहीत. मास्क मिळाले. बाकीच्या मागण्यांचं भांडण चालू आहे, आणि ते मी सोडणार नाही. पण त्या दिवशी मला कळलं की गुहा आणि फाटक यांतलं एक निवडायला मी त्यांना सांगत होते, आणि त्यांनी एकाच दमात दोन्ही ठिकाणी पोचून दाखवलं होतं.

त्यानंतर त्यांचं उरलेलं बहुतेक आयुष्य मागच्या पडवीतल्या खाटेवर गेलं. वर पाण्याच्या टाकीचा स्लॅब आहे. उताणं पडल्यापडल्या त्यांना एक दिवस तिथे काहीतरी दिसलं, आणि त्यांनी मला रावेतच्या माझ्या घरून बोलावून घेतलं. मी स्टुलावर चढून पाहिलं. स्लॅबच्या भेगेतून करंगळीच्या पेराएवढी, गव्हाच्या काडीसारखी पोकळ, पांढरी नळी खाली आली होती. तिच्या टोकाला थेंब. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर उतरत होता. कुठलाही इंजिनिअर याला गळती म्हणेल. चाचा खाटेवरून, विजयी चेहऱ्याने, माझ्याकडे बघत होते.

परवा मी महाळुंग्याला गेले तेव्हा अस्लमने गळती बंद करणारा माणूस आणला होता. पावसाआधी स्लॅब घासून, भेगा बुजवून घ्यायच्या होत्या. रिकामी खाट भिंतीला उभी केली होती. त्या माणसाने शिडी लावली, घासायचा पत्रा घेतला आणि वर, त्या पांढऱ्या नळीकडे, हात नेला. चाची स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि शिडीचा पाय धरून उभ्या राहिल्या.

"उतर खाली."

"काकू, पाणी गळतंय इथून," तो म्हणाला.

"म्हाईत हाय मला," चाची म्हणाल्या. "काम चालू हाय तिथं."