तारीख न विचारणारं गिऱ्हाईक

आत्याला सगळी गल्ली आत्याच म्हणते. बायकांचे कपडे शिवण्यात तिची हयात गेली, आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालतो. कुणी पोट आत ओढून माप द्यायला उभं राहिलं, की ती टेप सोडून देते. "आधी श्वास सोड बाई. लग्नात जेवणार आहेस ना?"

हे बोलणं मूळचं तिच्या ताईचं. मशीन तेव्हा घरातच होतं, पुढच्या खोलीत, खिडकीशी. ताई पायडल मारायची, ही शेजारी बसून काजं करायची, आणि दोघींचा धाकटा भाऊ खाली चिंध्यांच्या ढिगात खुशाल झोपलेला असायचा. ताई हसायला लागली की हसतच सुटायची, शिलाई वाकडी जायची, मग उसवायचं काम हिच्या गळ्यात. तरी हिला त्याचा राग यायचा नाही. त्या दुपारींची गोष्ट काढली की आजही आत्याचा चेहरा खुलतो.

मग ताईने खुर्च्या विणणाऱ्या एका तरुणाशी परस्पर लग्न केलं. तो दुसऱ्या धर्माचा. वडिलांचं नाक कापलं गेलं म्हणे! नाक जागच्या जागी होतं, आत्या ते रोज बघत होती. काका म्हणाले, धर्म बुडाला. काही महिन्यांनी मात्र वडील निवळल्यासारखे झाले आणि एक दिवस भारीतलं कापड घेऊन आले. "ताईला निरोप धाड. झालं गेलं विसरलो म्हणावं. पुन्हा रीतसर लग्न लावू, पोशाख घरातच शिवू."

आत्या हरखून गेली. तिने निरोप धाडला. ताई आली, आणि आली त्याच दिवशी वडिलांनी आणि काकांनी तिला मागच्या खोलीत मारून टाकलं. जिन्यावरून पडली, असं लोकांना सांगितलं. कुणालाही ते पटलं नाही आणि कुणीही तसं बोललं नाही.

पुढे कधीतरी आत्याने म्हाताऱ्या धर्मगुरूंना गाठून विचारलं, "असं करावं असं धर्मात लिहिलंय का हो?"

"छे, कुठंच नाही," ते दाराकडे बघत हळूच म्हणाले.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलंच नाही."

त्या उत्तराची चीड आत्याच्या मनातून कधी गेली नाही.

आणि आता भाऊ दुकानात आला होता. केस पिकलेले, बगलेत कापडाचं पुडकं. त्याची मुलगीही तशीच, मनाने लग्न करून दूरच्या शहरात गेलेली. ती फोन करायची तो फक्त आत्याला.

"ह्याचा लग्नाचा पोशाख शिव," भाऊ म्हणाला. "पोरीला सांग, बापाचा राग गेला, लग्न पुन्हा रीतसर लावतो. तुझ्या शब्दावर ती येईल."

आत्याने कापड उलगडलं. रंग सुरेख होता. चिंध्यांत झोपणारं ते पोरगं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि वाटलं, हा तसला नाही, ताईच्या कडेवर वाढलाय हा. तिने खडूसुद्धा हातात घेतला. भाऊ घाम पुसत होता. अस्तर, लेस, गळा, कशाचंच त्याला पडलेलं नव्हतं. आणि जो प्रश्न गिऱ्हाईक बूड टेकायच्या आत विचारतं, तोही त्याने विचारला नाही. वडिलांनीही विचारला नव्हता. तेव्हा ती नवखी होती, तिच्या ध्यानात आलं नाही.

"तारीख नाही विचारलीस रे," ती म्हणाली.

"कसली तारीख?"

"पोशाख केव्हा मिळणार, त्याची. लग्नाच्या कपड्याला कुणी तारीख विचारत नाही, असं आजवर एकदाच झालंय."

भावाने मान खाली घातली. "अक्का, मला समाजात राहायचंय. धर्म म्हणजे काय गंमत आहे का?"

 तिने खडू ठेवला आणि फोन लावला. भावाला वाटलं, काम झालं.

"पोरी, तुझा बाप इथं आलाय, कापड घेऊन. म्हणतोय, राग गेला. गेलेला नाही. तुझ्या मोठ्या आत्यालाही असंच बोलावलं होतं, माझ्याच तोंडून. तू येऊ नकोस. उद्या मी स्वतः रडून बोलावलं, तरी येऊ नकोस."

पलीकडून पोर काहीतरी विचारत होती, पण आत्याला नीट ऐकू येईना, कारण भाऊ भर दुकानात हमसून हमसून रडायला लागला होता. तिने त्याला जवळ घेतलं नाही. फोनही ठेवला नाही.