पिकअपची घूं घूं

नोएडातल्या आमच्या रोपवाटिकेची पिकअप ज्याच्याकडे दुरुस्तीला जाते, तो मेकॅनिक कधी बसलेला दिसत नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत पितो आणि बोलताना माझ्याकडे नाही, चाकांकडे बघतो.

मध्यंतरी गाडी वेगात आली की मागून घूं घूं आवाज यायचा. त्याने चाकाचं बेअरिंग बदललं. आवाज थोडा कमी झाला, मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी कुंड्या भरून निघतो, तर तो फाटकात उभा.

"भाईसाब, एक चक्कर. मुझे तसल्ली नहीं है."

स्टीअरिंगवर बसून तो सारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबत आणि सोडत राहिला. पाय उचलला की आवाज बदलायचा.

"बेअरिंग नहीं, डिफरेन्शियल है. गलती मेरी."

डिफरेन्शियल म्हणजे मागची दोन्ही चाकं फिरवणारी गिअरची पेटी. गाडी कडेला घेऊन त्याने किल्ली खिशात टाकली.

"अरे यार, माल पोचवायचाय!" मी चिडून मराठीतच ओरडलो.

"चलते चलते जाम हो गया तो? पीछे ट्रक होगा."

संध्याकाळी त्याने डिफरेन्शियलमधलं तेल माझ्या तळहातावर ओतलं. त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. मी मान वर केली, तेव्हा तो रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्या तरी टेम्पोकडे कान लावून उभा होता.